एका रिक्षाफेरीतले तीन चढ

ऑगस्ट २०१३मध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या ऑटोरिक्षांसाठी भाडेपत्रक ठरवून दिले. पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या दर किलोमीटरला १२ रुपये, थांबून राहिल्यास दर पाच मिनिटांना साडेतीन रुपये आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत दीडपट. प्रत्यक्षात तिथे भाडे अनेकदा घासाघीस करूनच ठरते, तो विषय वेगळा. पण शाळेतल्या मुलांना नेहमी अवघड जाणारा ‘रेषेचा चढ’ या चार आकड्यांत उघडा पडलेला आहे. आणि तो पाहायला टी. नगरसारखी जागा नाही.

कांजीवरम साड्यांसाठी चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हा भाग ठाऊक असतो. पानगल पार्क, त्याच्या आसपासची १९२८ सालची ‘नल्ली’सारखी दुकाने, उस्मान रोड, आणि मांबलम स्टेशनाला लागून असलेली, पाऊल ठेवायला जागा नसलेली रंगनाथन स्ट्रीट. समजा, पानगल पार्कपाशी कुणी रिक्षात बसले आणि मीटर सुरू झाले. आलेख कागदावर आडव्या अक्षावर अंतर घ्यायचे, उभ्या अक्षावर भाडे.

सुरुवातीला रेषा वर जातच नाही. अर्धा किलोमीटर झाला तरी २५, दीड झाला तरी २५. अंतर वाढले, भाडे वाढले नाही, म्हणून या तुकड्याचा चढ शून्य. १.८ किलोमीटरला रेषा वळते आणि तिरकी वर निघते. ५ किलोमीटरला भाडे होते ६३.४० रुपये, ८ किलोमीटरला ९९.४०. भाड्यातला फरक ३६, अंतरातला फरक ३. छत्तिसाला तिनाने भागले की १२. हाच चढ. दुसरे कुठलेही दोन बिंदू घेतले, ३ आणि ४ किलोमीटरचे किंवा ६ आणि १० चे, तरी उत्तर बाराच येते. रेषा सरळ आहे याचा अर्थच तो: वाढीचा दर वाटेत कुठेही बदलत नाही.

बहुतेक मुले चुकतात ती इथेच. ती फरकाला फरकाने भागत नाहीत, एकूण भाड्यालाच एकूण अंतराने भागतात. ६३.४० भागिले ५ म्हणजे १२.६८, आणि ९९.४० भागिले ८ म्हणजे साधारण १२.४३. दोन वेगळी उत्तरे आली की मूल गोंधळते. त्याला वाटते, अंतर दुप्पट तर भाडेही दुप्पट. तसे असते तर १० किलोमीटरला १२६.८० रुपये झाले असते, होतात १२३.४०. हा ३.४० रुपयांचा फरक कुठून आला?

तिरकी रेषा पट्टीने मागे वाढवत उभ्या अक्षापर्यंत नेली, तर ती अक्षाला बरोबर ३.४० वर छेदते. किमान भाड्याच्या २५ रुपयांतून १.८ किलोमीटरचे बाराच्या दराने होणारे २१.६० वजा केले की तेवढेच उरतात. म्हणजे ते रिक्षात नुसते बसल्याचे पैसे. प्रवास कितीही लांबला तरी ते एकदाच द्यायचे, दुपटीत मात्र ते दोनदा मोजले जातात. पुस्तकात याला अंतःखंड म्हणतात. १.८ किलोमीटरच्या पुढचा सगळा हिशेब मग एका ओळीत मावतो: भाडे = १२ × अंतर + ३.४०. रात्री दोन्ही आकडे दीडपट होतात, चढ १८ आणि अंतःखंड ५.१०, त्यामुळे रात्रीची रेषा दिवसाच्या रेषेला समांतर राहत नाही. जितके लांब जावे तितकी ती दूर सरकते.

आता दिवाळीच्या आधीचा शनिवार घ्या. रिक्षा उस्मान रोडवर अडकली आहे. अंतर जिथल्या तिथे, आणि थांबण्याचे पैसे चढत आहेत. आलेखावर रेषा सरळ उभी वर जाते. तिचा चढ काढायला गेले तर छेदात अंतरातला फरक येतो, आणि तो आहे शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही. दहावीच्या मुलांनी हे वाक्य पाठ केलेले असते. त्याचा अर्थ मात्र कोंडीत अडकलेल्या रिक्षात लख्ख कळतो. आडव्या अक्षावर अंतराऐवजी वेळ घेतली, तर त्याच थांबण्याचा चढ निघतो, मिनिटाला ७० पैसे. चढ सांगताना कशामागे किती वाढ, हे सांगावेच लागते. म्हणून एकक न लिहिलेले उत्तर अर्धे समजावे.

टी. नगरची जमीनही या धड्यात बसते. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव लाभलेली ही वसाहत १९२०च्या दशकात ‘लाँग टँक’ या जुन्या तलावाच्या जागेवर उभी राहिली. पावसाचे पाणी मांबलम कालव्याने अड्यार नदीकडे जायचे, पण परिसर जवळजवळ सपाट, उतार अगदी थोडा. नोव्हेंबर २०२१च्या पावसात इथले रस्ते पाण्याखाली गेले. कालव्याची रुंदी, त्यातला गाळ, अतिक्रमणे ही कारणे आहेतच; पण जिथे चढउतार शून्याच्या जवळ असतो, तिथे पाणी सावकाश हलते, हे मूळ दुखणे. याउलट आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २७ मीटर, आणि तेवढ्यासाठी गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात.

कागदावर मात्र नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला १० रुपये घेतले तर टी. नगरची रेषा उभट दिसेल, ५० घेतले तर तीच लोळलेली दिसेल. चढ दोन्हींत बाराच. वर्तमानपत्रातले आलेख पाहतानाही आधी अक्षांवरचे आकडे वाचावेत.

गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना आपल्या गावचे भाडेपत्रक आणायला सांगा आणि आलेख काढू द्या. पुण्यात सप्टेंबर २०२२पासूनचे दर होते पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ आणि पुढे १७.१४. दोन्ही रेषा चेन्नईहून जास्त उभ्या आहेत. मागे वाढवल्यावर मुंबईची रेषा उभ्या अक्षाला २९ पैशांवर छेदते, आणि पुण्याची शून्याच्याही खाली, उणे ५० पैशांवर.