टॉरचा रिले सुरू आहे, पण वापर कमी का?



टॉर हे इंटरनेटवर ओळख झाकणारं जाळं जगभरातल्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालतं. अशा प्रत्येक संगणकाला रिले म्हणतात. माहिती सहसा तीन रिलेंमधून जाते. पहिल्याला पाठवणारा कळतो, पण साइट कळत नाही. शेवटच्याला साइट कळते, पण पाठवणारा नाही. पत्रकाराला किंवा घरातल्या छळातून वाट शोधणाऱ्या बाईला याचा आधार असतो. म्हणून कुणी हौसेनं घरी रिले लावतं. आठवडा जातो, वापर नगण्य! बंद करण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

१. रिले नवा आहे का?
आपल्याकडे नवा गवळाऊ गोऱ्हा पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपत नाहीत. तसंच इथं. पहिले साधारण ३ दिवस, वेगाचं मोजमाप होईपर्यंत, काम फार थोडं मिळतं. ८ दिवसांनंतर वेगवान, स्थिर रिलेला ‘गार्ड’ म्हणजे पहिल्या टप्प्याचा दर्जा मिळू शकतो. तेव्हा वापर उलट घटतो, कारण लोक आपला पहिला रिले लवकर बदलत नाहीत. स्थिरावायला दोनेक महिने लागतात.

२. बाहेरून पोहोचता येतं का?
लॉगमध्ये ओआरपोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगा असल्याची नोंद शोधा. नसेल तर राउटर आणि फायरवॉल बघा. कधी कंपनी एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. मग स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

३. अपलोड किती?
रिले जेवढं घेतो तेवढंच पुढे देतो. डाउनलोड १०० आणि अपलोड १० असेल, तर हिशोब १०चाच. टॉरची किमान अपेक्षा दोन्हीकडे १० मेगाबिट आहे. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. सेटिंगमध्ये इथंच गल्लत होते.

४. मर्यादा आपणच घातली का?
वेगाची मर्यादा कमी असेल किंवा महिन्याचा कोटा संपला असेल, तर रिले झोपी जातो किंवा रेंगाळतो.

५. अंतर
मोजणारे संगणक मुख्यतः युरोप-उत्तर अमेरिकेत आहेत. वर्ध्यातून वेग कमी भरू शकतो. हा आपला दोष नव्हे.

घरून ‘एक्झिट’ म्हणजे शेवटचा रिले मात्र चालवू नका. दुसऱ्याच्या उद्योगाची तक्रार आपल्या पत्त्यावर येते. शाळेच्या इंटरनेटवर परवानगीशिवाय रिले नकोच.

सगळं ठीक असेल तर अपडेटपुरतं सोडून रिले सारखा बंद-चालू करू नका. शिल्लक क्षमता वाया जात नाही. गर्दी वाढली की तीच कामी येते.