पाच मिसाईल आल्याचा अलार्म वाजला, तेव्हा तिसरं महायुद्ध थोडक्यात टळलं

२६ सप्टेंबर १९८३. मध्यरात्र उलटून गेली होती. मॉस्कोजवळच्या एका गुप्त बंकरमध्ये अचानक सायरन वाजला. अमेरिकेने मिसाईल सोडल्याचं स्क्रीनवर दिसत होतं. बघता बघता आकडा पाचवर गेला.

ड्युटीवर होते सोव्हिएत लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव पेट्रोव्ह. अमेरिकेला खरंच हल्ला करायचा असता तर तिने फक्त पाचच मिसाईल का सोडली असती? असा विचार करून त्यांनी वरिष्ठांना अलार्म खोटा असल्याचं कळवलं. तो खोटाच होता. ढगांवर चमकलेल्या सूर्यप्रकाशाला सॅटेलाईटने मिसाईल समजलं होतं.

पण असा अलार्म खरा वाटावा, इतकं वातावरण तापलं कशामुळे?

पहिलं कारण विचारसरणी. अमेरिका भांडवलशाही मानणारी, तर सोव्हिएत युनियन कम्युनिस्ट. सीमेचं भांडण असेल तर देवाणघेवाण करून मिटवता येतं. इथं मात्र दोघांनाही समोरच्याची व्यवस्था हाच धोका वाटत होता. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तर सोव्हिएत युनियनला थेट 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं.

दुसरं कारण अविश्वास. त्याच महिन्यात रेगन यांनी मिसाईल वाटेतच पाडणारी यंत्रणा बनवायचं जाहीर केलं. अमेरिका म्हणत होती, हे बचावासाठी आहे. मॉस्कोने अर्थ काढला, म्हणजे आता अमेरिका आधी हल्ला करेल आणि आपला पलटवार अडवेल.

१ सप्टेंबरला सोव्हिएत हद्दीत भरकटलेलं कोरियाचं प्रवासी विमान तिथल्या लढाऊ विमानाने पाडलं. २६९ जण गेले. मॉस्कोच्या मते ते हेरगिरी करत होतं, तर अमेरिकेच्या मते हा निव्वळ क्रूरपणा होता.

म्हणजे घटना एकच, पण अर्थ दोन, आणि दोन्ही बाजूंनी वाईटातला वाईट अर्थ काढलेला. हा अलार्म वाजला तो त्यानंतर चारच आठवड्यांत.

मग यातून मार्ग कसा निघाला? १९८७ मध्ये रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची मिसाईल नष्ट करण्याचा आयएनएफ करार केला. दोघांचे विचार काही जुळले नव्हते. पण या करारानुसार एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करता येणार होती. समोरचा काय करतोय याचा अंदाज बांधण्याऐवजी प्रत्यक्ष बघायची सोय झाली.

२०१९ मध्ये अमेरिका आणि रशियाने एकमेकांवर नियम मोडल्याचा आरोप केला आणि हा करारही संपला.