जॅक हिल्सचे कण आणि उपग्रहाची नजर
पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स या रखरखीत टेकड्यांत झिरकॉन या खनिजाचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीवरच घडलेला याहून जुना खनिजकण अजून सापडलेला नाही. गंमत म्हणजे ज्या खडकात ते रुतलेत, तो मात्र सुमारे ३०० कोटी वर्षांचा. मूळ खडक झिजून गेला, चिवट कण तेवढे वाहत येऊन नव्यात बसले. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ नाहीच. पुढे युरेनियमचेच हळूहळू शिसे होते. दोहोंच्या प्रमाणावरून वय निघते.

मिलिमीटरच्याही अंशाएवढे हे कण उपग्रहाला दिसणे शक्य नाही. तो पाहतो ते परावर्तित ऊन. प्रत्येक खनिज ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते; चिकणमातीतली खनिजे २.२ मायक्रोमीटरच्या आसपासचा. १९९९ मध्ये ‘टेरा’ उपग्रहावर बसवून पाठवलेले ‘ॲस्टर’ हे जपानी उपकरण अशाच नोंदी टिपायचे. खनिजे ओळखायला सर्वांत कामाचे त्याचे लघु-अवरक्त संवेदक २००८ मध्ये निकामी झाले, हे मोठेच नुकसान. तोवरच्या चित्रांतून २०१२ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाचे खनिज-नकाशे मात्र तयार झाले. दाट झाडीखाली ही नजर अडते. उजाड मुलखात ती खडकांचे पट्टे दाखवते, वय नव्हे.