व्हॉल्व्हला बूच मारू नका

गिझर फुटल्याचे व्हिडिओ एव्हाना तुमच्याही मोबाइलवर येऊन गेले असतील. दर हिवाळ्यात ते येतात. सोबत ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ ही तळमळ आणि ‘अंघोळीआधी बटण बंद करा’ हा उपदेश. उपदेशात चूक काही नाही. पण सुरक्षेची सगळी साधनं शाबूत असलेला गिझर सहसा फुटत नाही. धोका असतो तो ज्याची साधनं कोणीतरी निकामी करून ठेवलीत त्या गिझरचा. आणि हे निकामी करणं कोणी मुद्दाम करत नाही. गिझर गळत होता, पाणी थांबवायचं होतं, एवढंच निमित्त असतं.

तेव्हा आज गळतीबद्दल.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं, तरी उरकून टाकू. नुसतं बाथरूमबाहेरचं बटण नव्हे, बोर्डावरचा एमसीबीही खाली करायचा. मग गिझरला जाणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करायचा. वर्षानुवर्षं कोणी न फिरवल्यामुळे तो जाम झालेला असतो. पक्कड घेऊन त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा गच्चीवर जाऊन आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केलेला बरा, कारण कॉक तुटला तर थेंबांचा धबधबा होतो. मग गरम पाण्याचा नळ सोडायचा, म्हणजे आतला दाब उतरतो. ओल्या हातानं पत्र्याला शिवायचं नाही. झालं.

आता खरं काम. पाणी नेमकं कुठून येतंय? थेंब जिथे लोंबतो तिथूनच तो आलेला असतो असं नाही. वरच्या सांध्यातून निघून पत्र्याच्या आतून ओघळत तो बुडाशी येतो. वीज बंदच ठेवून सगळं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, एकेका सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळा, कॉक थोडा उघडा आणि चहा होईपर्यंत थांबा. आधी भिजेल तो सांधा गुन्हेगार. पुष्कळदा तो कनेक्शन पाइप निघतो. वरून स्टीलची चकचकीत वेणी, आतली रबरी नळी मात्र उष्णतेनं कडक होऊन चिरलेली. हे नशीब समजायचं. दोन-तीनशे रुपयांत सुटका होते. दुसरी जागा बुडाच्या झाकणाआड. तिथे नटबोल्टांनी आवळलेल्या तबकडीवर कॉईल बसवलेली असते आणि तबकडीखालचं रबरी गॅसकेट काही वर्षांनी बसकं होतं. तेही बदलता येतं.

तिसरी जागा मात्र अशी आहे की तिथून पाणी यायलाच हवं. आणि सगळा घोळ तिथेच आहे.

थंड पाणी आत शिरतं त्या तोंडाशी अंगठ्याएवढा पितळी व्हॉल्व्ह असतो, बाजूला छोटं तोंड असलेला. तो दोन कामं करतो. आत गेलेलं पाणी उलटं पाइपात येऊ देत नाही, आणि टाकीतला दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला की थोडं पाणी बाहेर सोडतो. आता पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर ते सुमारे २०० मिलीलिटरनं वाढतं, म्हणजे पेलाभर. नळ बंद, मागे जायची वाट बंद, टाकी पोलादाची, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. त्या पेलाभर पाण्यानं जायचं कुठे? ते व्हॉल्व्हच्या बाजूच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर पडतं. गिझर तापत असताना ठिबकतो आणि तापून झाल्यावर थांबतो, तर तो ठणठणीत आहे.

रात्रंदिवस, गार असतानाही ठिबकत असेल तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा कण किंवा क्षाराचा खडा अडकलेला असतो, नाहीतर इमारतीचाच दाब जास्त असतो. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब वाढतो. म्हणजे १५ मजली टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर, गिझरवर ४ बारच्या आसपास दाब आधीच बसलेला असतो. घरगुती टाक्या बहुधा ८ बारला बनवलेल्या असतात. त्यात प्रेशर पंपाची भर पडली की उरलेली जागा आणखी आक्रसते.

तीन मजली चाळवजा इमारतीतून टॉवरमध्ये राहायला गेलेल्या माणसांची ठरलेली तक्रार असते : जुना गिझर वीस वर्षं कधी टिपूसभर गळला नाही आणि हा नवा पहिल्याच दिवसापासून ठिबकतोय, कंपनीनं फसवलं! जुना गळत नव्हता कारण त्याला मागे रोखणारा व्हॉल्व्हच नव्हता. फुगलेलं पाणी गुपचूप पाइपातून गच्चीच्या टाकीकडे सरकत होतं. नव्याला ती वाट नाही.

मग प्लंबर येतो. त्यालाही घाई असते आणि गिऱ्हाइकाला ‘थेंब बंद’ एवढंच हवं असतं. तो व्हॉल्व्ह काढून साधा निपल बसवतो, नाहीतर त्या तोंडात स्क्रू किंवा बूच घट्ट मारतो, वर एम-सील. फरशी कोरडी, सगळे खूश. यातल्या दुसऱ्या प्रकाराचा परिणाम काय होतो तो पाहा. टाकी प्रत्येक तापवणीला ताणली जाते, प्रत्येक वापराला सैलावते. हे रोज. एवढ्यानंही टाकीचे सांधे थकतात. पण ज्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटून बसेल आणि त्याच्यावरचा कटआउटही दगा देईल, त्या दिवशी कॉईल पाणी तापवतच राहील. दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याच्या पुढे जातं. टाकीला चीर पडली की दाब क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातल्या काही भागाची एकदम वाफ होते. १ लिटर पाण्याची वाफ साधारण १६०० लिटर जागा मागते. व्हिडिओतली भिंत ती पाडते.

आपल्या आजीच्या बंबाला ही भानगड नव्हती. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब, मधोमध निखाऱ्यांची नळी, वरून पाणी ओतायला उघडं तोंड. पाणी कितीही उकळलं तरी दाब साठायला जागाच नाही. गळला तर तांबटाकडे नेऊन झाळून आणायचा, पुन्हा दहा वर्षं बिनघोर. त्याचा धूर, त्याची राख आणि त्यासाठी पहाटे उठणारी घरची बाई यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. गेला ते बरंच झालं. पण ‘गळलं की बुजवायचं’ ही सवय आपण त्याच्याकडून घेतली आणि बंद टाकीला लावली, ती मात्र घातक ठरली.

गळती विजेचीही असते, आणि तिचं फडक्यानं पुसून काही कळत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर कॉईलवर बसतात. त्या थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही, गिझरमधून कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज यायला लागतो, कॉईलचं कवच आतून जास्त तापतं आणि एक दिवस त्याला केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून वीज पाण्यात उतरते. घरात ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर गिझर लावला की तो पडतो. ही सूचना स्पष्ट आहे : गिझर वापरू नका, कॉईल बदला. पण इथेही व्हॉल्व्हचीच कथा. ‘सारखा पडतोय’ म्हणून वायरमनला बोलावलं जातं आणि तो ईएलसीबीला वळसा घालून तार जोडून देतो. आता काहीच पडत नाही. अर्थिंग चांगलं असेल तर ठीक. जुन्या इमारतींत ते नावापुरतंच असतं, आणि मग शॉवरखाली झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या तर दुसऱ्यांदा खात्री करून घेण्याचा मोह टाळा.

राहिली टाकी. बुडातून तांबूस पाणी येत असेल, कनेक्शन पाइप कोरडे, गॅसकेट कोरडं, तर टाकीला भोक पडलेलं आहे. तिथे दुरुस्ती नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतील. पण त्या पत्र्याला आतून काचेचा मुलामा दिलेला असतो आणि वेल्डिंगच्या आचेनं आजूबाजूचा मुलामा तडकतो. म्हणजे एक भोक बुजवताना नव्या भोकांची सोय होते.

टाकीला भोक पडतं कसं, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे, ब्रिटिश आरमाराकडे जावं लागतं. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि खारं पाणी ते पत्रे खात असे. आरमारानं हा प्रश्न हम्फ्री डेव्हीपुढे ठेवला. खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्याचा कर्ता तो हाच. १८२४ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीपुढे मांडलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडून ठेवा. समुद्र तो तुकडा खाईल, तांबं वाचेल. प्रयोगासाठी घेतलेल्या जहाजांपैकी एक होतं ‘सॅमरँग’, आपल्या कोचीनला सागवानात बांधलेलं. त्याला लोखंडाचे तुकडे जडवून नोव्हा स्कोशियाला धाडलं. तांबं खरंच वाचलं. पण एक गंमत झाली. तांबं झिजताना जे विष पाण्यात सोडायचं त्यामुळे शिंपले आणि शेवाळ बुडाला धरत नसे. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांच्या बुडाला जंगल वाढलं, वेग मंदावला. आरमारानं हा नाद सोडून दिला आणि डेव्हीला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. बिचाऱ्याचं रसायनशास्त्र मात्र शंभर टक्के बरोबर होतं.

ते तुमच्या बाथरूममध्ये लटकतंय. काचेचा मुलामा कितीही चांगला असला तरी त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथलं पोलाद पाण्यानं खाऊ नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. मिस्त्री तिला नुसतं ‘रॉड’ म्हणतात. पाणी आधी मॅग्नेशियम खातं. कांडी संपली की मग पोलादाची पाळी. बोटाएवढी जाड कांडी दोन-तीन वर्षांत, पाणी खारट असेल तर त्याआधीच, झिजून मधली तार तेवढी उरते. जुना गिझर उघडताना जवळ उभे राहा. तबकडी खाली येते, कॉईलवर पांढऱ्या क्षाराचं जाड कवच, टाकीतून ओंजळभर भुकटी आणि खडे फरशीवर पडतात, आणि कांडीच्या जागी एक वाकडी, काळवंडलेली तार.

या काही शे रुपयांच्या कांडीवर सबंध टाकीचं आयुष्य टांगलेलं आहे आणि ती बदलायची असते हे गिझर घेताना कोणी सांगत नाही. जाहिरातीत टाकीच्या वॉरंटीची वर्षं ठळक. पाणी किती जड चालेल आणि रॉड कधी बदलायचा हे पाठीमागे बारीक अक्षरांत. मला यात निव्वळ विसरभोळेपणा दिसत नाही. कारला सर्व्हिसिंगची तारीख असते, वॉटर प्युरिफायर तर फिल्टर संपला म्हणून लाल दिवा लावून हैराण करतो. गिझरला मात्र मरेपर्यंत कोणी हात लावायचा नसतो, कारण मेला की नवा खपतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. शहरांच्या कडेला टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी एकदा आपलं पाणी तपासून पाहावं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या भरवशावरही राहू नये. क्लोराइड तिच्या जोडांनाच धरतं. आणि गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास यायला लागला तर बोअरच्या पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियम यांची ती कारागिरी असू शकते. त्यावर रॉड काढून टाकणं हा उपाय नव्हे. मिस्त्रीला दुसऱ्या धातूचा मागा.

फॉल्स सीलिंगच्या वर गिझर लपवण्याची हौस असलेल्यांना गळती आधी खालच्या मजल्यावरचे कळवतात. भांडायला जाऊ नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाचाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २५ लिटरचा भरलेला गिझर ३५ किलोच्या घरात जातो. महिनोन् महिने भिजलेल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत आणि गंजलेल्या बोल्टांवर एवढं ओझं किती दिवस राहील, हे नवा गिझर टांगण्याआधी बघून घ्या.

नवा आणलाच तर फिटर निघायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. पहिली, खालची तबकडी उघडून रॉड बाहेर काढता येईल एवढी मोकळी जागा बुडाखाली ठेवायला लावा. दुसरी, व्हॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत सोडायला सांगा, म्हणजे ठिबकणं कोणाला खुपणार नाही. हे मोफत फिटिंगमध्ये येत नाही असं तो म्हणेल. वर शंभर रुपये द्या.