स्पॅनिश भाषेतील ‘ए’ स्वराचा उच्चार : मराठी भाषक अध्ययनकर्त्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्पॅनिश भाषेच्या स्वरव्यवस्थेत आ, ए, इ, ओ, उ असे केवळ पाच स्वर आहेत. त्यामुळे ही भाषा ‘लिहिली तशी वाचावी’, असे अध्ययनकर्त्यास प्रारंभीच सांगितले जाते. हे विधान बव्हंशी खरे असले, तरी वाचणारा कोणत्या सवयीने वाचतो हा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो. महाराष्ट्रातील विद्यार्थी या भाषेकडे प्रायः इंग्रजीच्या वाटेने येतो आणि इंग्रजीचे स्वर सोबत घेऊन येतो. ‘स्पॅनिश’ हे नावदेखील त्याच वाटेने आलेले आहे. त्यातील ‘ॅ’ हा स्वर त्या भाषेत नाही. ते भाषक आपल्या भाषेस ‘एस्पान्योल’ म्हणतात.

‘ए’ स्वराचे स्वरूप :

या पाच स्वरांपैकी ‘ए’ हा सर्वाधिक बिघडणारा स्वर होय. इंग्रजीच्या अनेक बोलींत ‘डे’, ‘से’ यांसारख्या शब्दांतील स्वर ‘ए’पासून निघून ‘इ’कडे सरकतो. हा सरकता स्वर स्पॅनिशमध्ये नेल्यास केवळ परकेपणा जाणवतो असे नाही, तर शब्दच बदलतो. कारण ‘एइ’ हा तेथे स्वतंत्र संयुक्त स्वर आहे. ‘पेना’ म्हणजे दुःख, तर ‘पेइना’ म्हणजे केस विंचरतो किंवा विंचरते. ‘रेनो’ हा हिमप्रदेशातील एक हरिणवर्गीय प्राणी, तर ‘रेइनो’ म्हणजे राज्य. ‘बेन्ते’ म्हणजे ‘ये’, आणि ‘बेइन्ते’ म्हणजे वीस. सहानुभूती व्यक्त करताना ‘के पेना’ (किती वाईट झाले!) म्हणण्याऐवजी ‘केइ पेइना’ म्हणणाऱ्याचा भाव प्रसंगावरून कळेलही, परंतु किंमत सांगताना असा आधार नेहमीच मिळेल असे नाही.

वस्तुतः मराठी भाषकास हा स्वर नव्याने शिकण्याची फारशी गरज नाही. ‘पेरू’, ‘शेत’, ‘केळे’ या शब्दांतील ‘ए’ आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा राहतो; जीभ व जबडा मध्येच जागा सोडत नाहीत. शालेय व्याकरणात ‘ए’ची गणना ‘अ + इ’ अशा संयुक्त स्वरांत केली जाते. ती संस्कृत परंपरेस धरून आहे. आजच्या मराठी उच्चारात दोन घटक ऐकू येतात ते ‘ऐ’मध्ये, ‘ए’मध्ये नव्हे. एक दक्षता मात्र आवश्यक आहे. ‘तेल’ म्हणताना मराठी ‘ए’ जसा लांबतो, तसा स्पॅनिश ‘ए’ लांबवू नये.

तोमास नावार्रो तोमास यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उच्चारविषयक ग्रंथात या स्वराचे काहीसे विवृत व संवृत असे भेद नोंदविले आहेत. उदाहरणार्थ, ‘पेर्रो’ (कुत्रा) या शब्दात कंपित ‘र्र’च्या सान्निध्यात तोंड थोडे अधिक उघडते. मात्र या भेदाने अर्थ बदलत नाही. नवशिक्याने त्यात अडकू नये.

शब्दान्तीचा स्वर :

इंग्रजीची दुसरी सवय अधिक घातक आहे. तेथे आघात नसलेला स्वर पुष्कळदा अस्पष्ट ‘अ’सारखा होतो. स्पॅनिशमध्ये मात्र लिंग, पुरुष आणि क्रियापदाचा अर्थ यांचा भार पुष्कळदा अनाघात अन्त्य स्वरावरच असतो. ‘एर्मानो’ म्हणजे भाऊ, ‘एर्माना’ म्हणजे बहीण. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्ला’ म्हणजे तो किंवा ती बोलते, आणि ‘आब्ले’ म्हणजे ‘आपण बोलावे’. शेवटचा स्वर पुसट झाल्यास कोण बोलतो आणि कोणास बोलण्याची विनंती आहे, हेच कळेनासे होते. मेक्सिकोच्या पठारी भागात ‘स’च्या शेजारचे अनाघात स्वर क्षीण होतात हे खरे, परंतु तो त्या बोलीचा विशेष आहे, परकीयास मिळालेली सवलत नव्हे.

परिचित भासणारे शब्द :

अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवतात. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी ‘ॅ’ व ‘ॉ’ ही चिन्हे स्वीकारली आणि ते उच्चार आता अंगवळणी पडले आहेत. परिणामी ‘दोक्तोर’चे ‘डॉक्टर’, ‘ओस्पिताल’चे ‘हॉस्पिटल’ आणि ‘बान्को’चे ‘बँको’ होते. येथे रोमन अक्षरे दिसताच इंग्रजी शब्द आठवण्याऐवजी देवनागरीत उच्चार लिहून पाहणे उपयुक्त ठरते.

देवनागरीचा हा आधारही सर्वस्वी निर्दोष नाही. मराठी लेखननियमानुसार अन्त्य इकार दीर्घ लिहिला जातो. त्यामुळे ‘ताक्सी’ असे लिहिले की वाचणारा ‘सी’ लांबवतो. स्पॅनिशमध्ये आघात ‘ता’वर आहे आणि अखेरचा ‘इ’ आखूडच, पण स्पष्ट उच्चारावयाचा आहे. अशा ठिकाणी आघात असलेले अक्षर अधोरेखित करून ठेवावे.