वैद्यकीय महाविद्यालयांतून नांव कमी झाल्यास : कायद्याचा आधार कितपत?

मुलगा अगर मुलगी डॉक्टर होणार, ही गोष्ट एकत्र कुटुंबांत त्या एकट्या मुलाची राहत नाहीं. आजोबांची शिल्लक, काकांनीं काढलेलें कर्ज, आईचे मोडलेले दागिने असें सर्वांचेंच कांहीं ना कांहीं त्या एका प्रवेशांत गुंतलेलें असतें. म्हणूनच ‘आपलें नांव पटावरून कमी करण्यांत आलें आहे’ असें चार ओळींचें पत्र महाविद्यालयाकडून आलें, कीं घरावर अवकळा पसरते. ती वार्ता शेजाऱ्यांपासून लपविण्यांत पहिला महिना जातो, वशिला शोधण्यांत दुसरा. आणि वकिलाची पायरी चढेपर्यंत पुढील सत्राचीं व्याख्यानें सुरू झालेलीं असतात. आमचें आयुष्य शाळेंत गेलें. शिक्षा देणाऱ्यांची बाजू आणि शिक्षा भोगणाऱ्यांची बाजू अशा दोन्ही आम्हीं जवळून पाहिल्या आहेत; म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

ज्याला दंड करावयाचा त्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें, हें तत्त्व फार जुनें आहे. वादीची भाषा, प्रतिवादीचें उत्तर, पुराव्याची क्रिया आणि निर्णय असे व्यवहाराचे चार पाद आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सांगितले आहेत. उत्तराचा पाद गाळला तर व्यवहार लंगडा झालाच म्हणावयाचा. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठानें रिचर्ड बेंटले या प्रकांड पंडिताच्या पदव्या १७१८ सालीं त्याचें म्हणणें न ऐकतांच काढून घेतल्या. १७२३ सालीं राजाच्या न्यायालयानें त्या परत देण्याचा हुकूम केला. त्या वेळीं एका न्यायाधीशानें असा दाखला दिला, कीं प्रत्यक्ष ईश्वरानेंसुद्धां आदमास नंदनवनांतून घालविण्यापूर्वीं त्याची कैफियत विचारली होती. यालाच आपण हल्लीं नैसर्गिक न्याय म्हणतों.

परंतु येथें एक भेद सूक्ष्मपणें ध्यानांत घ्यावयास हवा. विद्यार्थ्यास काढण्याचीं कारणें दोन प्रकारचीं असतात : एक गैरवर्तन, दुसरें अभ्यासांतील अपयश. गैरवर्तनाचा आरोप असेल तर न्यायालय काटेकोरपणें पाहतें. उत्तर प्रदेशांतील परीक्षामंडळानें कांहीं विद्यार्थ्यांचे निकाल, त्यांना बाजू मांडण्याची संधि न देतां, कॉपीच्या आरोपावरून रद्द केले होते; तो निर्णय टिकणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं ठरविलें. तथापि, ऐकून घेणें म्हणजे कोर्टासारखी उलटतपासणी नव्हे. राँची येथील वैद्यकीय महाविद्यालयांत रात्रीं मुलींच्या वसतिगृहाच्या आवारांत शिरून असभ्य वर्तन केल्याबद्दल कांहीं विद्यार्थ्यांस दोन वर्षांकरितां काढण्यांत आलें. मुलींच्या जबान्या त्यांच्या समक्ष घेतल्या नव्हत्या, ही त्यांची तक्रार. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली. आरोप सांगितला, उत्तर घेतलें, निःपक्षपाती समितीनें विचार केला. मुलींस नंतर त्रास होऊं नये म्हणून एवढेंच पुरेसें आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

अपयशाची गोष्ट निराळी आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें प्रथम वर्षाच्या परीक्षेस चारांहून अधिक वेळां बसतां येत नाहीं आणि प्रवेशापासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम चालूं ठेवतां येत नाहीं. ही मर्यादा ओलांडली असेल, तर केवळ दया मागून न्यायालयाचें मन वळत नाहीं. अमेरिकेंत ज्यांचीं मुलें शिकत आहेत, त्यांनीं तेथील दोन निकाल जाणून घ्यावे. मिसूरी विद्यापीठानें रुग्णांशीं वागणूक व प्रत्यक्ष उपचारांतील उणीवा या कारणांवरून एका विद्यार्थिनीस काढलें. तत्पूर्वीं तिची परीक्षा सात बाहेरच्या डॉक्टरांकडून करविली होती. वेळेवर पदवी द्यावी असें त्यांपैकीं दोघांनींच सांगितलें. तिला पुरेशा सूचना मिळाल्या होत्या, आणि अशा निर्णयापूर्वीं औपचारिक सुनावणी आवश्यक नाहीं, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दिला. १९८५ सालीं मिशिगनच्या एका विद्यार्थ्यानें, इतरांस पुन्हां परीक्षेस बसूं दिलें मग मलाच कां नाहीं, असा प्रश्न केला, तोही हरला. रोग्याच्या नाडीवर हात ठेवण्यास कोण योग्य, हें गुरुजनांनींच ठरवावें, अशी न्यायालयांची सामान्यतः दृष्टि आहे.

मग वकिलाकडे जावयाचें कशाला? विद्यालयानें स्वतःचेच नियम मोडले आहेत काय, हें पाहण्यासाठीं. सूचना दिली नाहीं, हजेरीपत्रकांत चूक आहे, ज्याला अधिकार नाहीं त्यानेंच हुकूम काढला, किंवा आकसानें काम केलें, अशा गोष्टी न्यायालय ऐकतें. म्हणून पहिल्याच आठवड्यांत हुकूमाची सही-शिक्क्याची प्रत, नियमपुस्तक, हजेरी, गुणपत्रकें व सर्व पत्रव्यवहार तारीखवार लावावा. स्वतःची उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखालीं पाहतां येते, हें २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ठरलेलें आहे. नंतर महाविद्यालयाकडे, व तेथें दाद न लागल्यास विद्यापीठाकडे, लेखी अर्ज करून पोंच घ्यावी. आपल्या राज्यांत तें विद्यापीठ म्हणजे बहुधा नाशिकचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ. हे मार्ग न चोखाळतां उच्च न्यायालयांत गेल्यास, ‘तेथें कां गेलां नाहीं?’ हाच प्रश्न प्रथम येतो. त्यानंतर राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखालीं रिट अर्ज करितां येतो. वकील फौजदारींत नाणावलेला असण्यापेक्षां शिक्षणविषयक रिट चालविणारा असावा. फी झेपत नसेल तर १९८७ च्या विधिसेवा कायद्याची आठवण ठेवावी. त्याअन्वयें स्त्रियांना उत्पन्न कितीही असलें तरी मोफत वकील मिळूं शकतो, हें कित्येक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतें.

जय मिळाला तरी त्याचें स्वरूप ओळखून असावें. न्यायालय पदवी देत नाहीं. बहुधा जुना हुकूम रद्द करून पुन्हां रीतसर चौकशी करा, असें सांगतें. तेव्हां वकिलापुढें बसण्यापूर्वीं मुलाला घरांतल्या एकाच शहाण्या माणसानें, सर्व मंडळी जमवून नव्हे, एकांतांत, खरें काय तें विचारावें. हजेरी कां बुडाली? प्रकृति बिघडली होती काय? मुळांत त्याला हा अभ्यास हवा होता काय? अन्याय झाला असेल तर सर्व घरानें त्याच्या पाठीशीं उभें राहावें. झाला नसेल तर कज्ज्याचा पैसा व तीन-चार वर्षें वांचवून दुसरी वाट धरावी. पटावरून नांव गेलें तरी घरांतून तें गेलेलें नाहीं, हा भरंवसा मात्र दोन्ही वेळीं मुलाला पहिल्याच दिवशीं मिळाला पाहिजे. तो देण्यास कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागत नाहीं.