समुद्रतळावरच्या घराचे उघडे दार

एक रिकामा पेला पालथा धरून बादलीतील पाण्यात सरळ खाली दाबा. तोंड उघडे असूनही पाणी आत फारसे शिरत नाही. कोंडलेली हवा त्याला अडवते. समुद्राच्या तळावर माणसांना राहण्यासाठी बांधलेल्या घराचे दार याच तत्त्वावर चालते.

अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘अ‍ॅक्वेरियस’ नावाचे असे घर सुमारे १९ मीटर खोल तळावर उभारलेले आहे. १९९३ पासून तेथे शास्त्रज्ञांनी अनेकदा आठ-दहा दिवसांचे मुक्काम केले. त्याच्या प्रवेशकक्षाच्या तळाला चक्क उघडे भोक आहे. आतील हवेचा दाब तेथील पाण्याइतकाच, म्हणजे सुमारे अडीच वातावरण, ठेवतात. म्हणून पाणी भोकाशीच थांबते आणि पाणबुड्ये त्यातून ये-जा करतात.

आता सामानाचे पाहू. कपडे, औषधे कोरडी राहावीत म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यातून नेतात. समजा, डबा २० लिटरचा आहे आणि सामानासकट त्याचे वजन ८ किलो आहे. आर्किमिडीजचा नियम आठवा. शिशाचे आणखी बारा-चौदा किलो लावल्याशिवाय हा डबा बुडणारच नाही!

खाली पोचल्यावर दुसरी अडचण. डब्यात हवेचा दाब एक वातावरण, घरात अडीच. झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला, तर त्यावरील जादा भार एक टनाहून अधिक भरतो. कोणता पहिलवान ते उघडील? म्हणून डब्याला लहानशी झडप असते. ती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, दाब समान होतो आणि झाकण निघते.

डब्याचे काम असे क्षणात होते. माणसाचे होत नाही. मुक्कामात त्याच्या शरीरात बराच नायट्रोजन विरघळलेला असतो. तो एकदम वर आला, तर सोडावॉटरची बाटली फोडल्याप्रमाणे रक्तात बुडबुडे उठतात आणि जीवावर बेतते. म्हणून निघण्यापूर्वी घरातच दाब सुमारे १७ तास हळूहळू उतरवावा लागतो. पृष्ठभाग डोक्यावर १९ मीटर, पण वाट १७ तासांची! म्हणूनच असे घर आखताना खाली जाण्याआधी परतण्याचा विचार करावा लागतो.

जाता जाता एक प्रश्न. तुमचा पालथा पेला १० मीटर खोल नेला, तर त्यात पाणी कुठपर्यंत चढेल? बॉइलचा नियम लावून पाहा. समुद्रातील घरात वरून सतत दाबाखालील हवा का पुरवावी लागते, हेही मग उमगेल.